दुसऱ्या दिवशीही मऊ: घरच्या कुकीज कडक होऊ नयेत म्हणून

कुकी ओव्हनमधून बाहेर काढली की मऊच असते. जास्त भाजली गेलेली कुकीसुद्धा पहिली पाच-दहा मिनिटं मऊ लागते, म्हणून तेव्हाच्या चवीवरून काही ठरवू नये. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, चहाबरोबर डबा उघडल्यावर. माझ्याकडे बेकिंग शिकायला येणाऱ्या बायकांचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, काल इतक्या छान झाल्या होत्या, आज कटकन मोडतात. डबा बदलू का?"

डबा बदलून थोडा फरक पडतो. पण कुकी मऊ राहणार की नाही, हे बहुतेक वेळा ती डब्यात जायच्या आधीच ठरलेलं असतं. डबा मऊपणा राखतो, मऊपणा देत नाही. म्हणून या लेखात डब्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. आधी पीठ, मग भट्टी, मग डबा.

आमच्या लहानपणी सांगलीत घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आठवड्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून बेकरीत न्यायचं, नंबर लावायचा आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची. ती नानकटाई पंधरा दिवस डब्यात राहायची आणि ती मऊ असावी असं कुणाच्या मनातही येत नसे. तोंडात टाकली की विरघळली पाहिजे, एवढंच. नानकटाईत पाणी जवळपास नसतंच. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश, आणि पिठात मुरलेला थोडा ओलावा भट्टीत उडून जातो. कुकीचं तसं नाही. बटरमध्ये पाणी असतं, अंड्यात असतं, दही-दूध घातलं तर त्यात असतं. मऊ कुकी म्हणजे हे पाणी अजून आत धरून ठेवलेली कुकी. ते सुटलं की ती नानकटाईही होत नाही, नुसती कडक होते.

कुकी कडक होते म्हणजे नेमकं काय होतं

दोन गोष्टी होतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे: पाणी उडतं. थोडं भट्टीत, थोडं ताटात गार होताना, उरलेलं डब्याच्या सैल झाकणातून.

दुसरी फारशी कुणी सांगत नाही, आणि घट्ट डब्यात ठेवूनही कुकी कडक का झाली याचं उत्तर बरेचदा तिथंच असतं. भाजताना साखर त्या थोड्याशा पाण्यात विरघळते. गार झाल्यावर तीच साखर हळूहळू परत दाणे धरू लागते आणि कुकी आतून घट्ट होत जाते. हे आपल्याला नवीन नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते कशासाठी? पाकाची परत साखर होऊ नये म्हणून. लिंबाच्या आंबटपणानं साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि त्यांच्या गर्दीत साखरेचे दाणे सहज जमत नाहीत. काकवीत, गुळात आणि मधात ही ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी आधीच असते. शिवाय ती ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो तो यामुळेच. तिथं आपल्याला त्रास देणारा हा गुण कुकीत मात्र आपल्याला हवा आहे.

साहित्य, आणि प्रत्येकामागचं कारण

हे प्रमाण 18-19 मध्यम कुकीजचं आहे. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, छोटा म्हणजे 5 मिली. शक्यतो वजनकाटा वापरा. कपानं मैदा मोजला आणि तो दाबून भरला गेला, तर नकळत 30-40 ग्रॅम जास्त जातो, आणि जास्तीचा मैदा हे कडक कुकीचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मैदा 190 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, बटर 115 ग्रॅम, चाळलेली गूळ पावडर 100 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, काकवी 1 मोठा चमचा, एक अंडं आणि वर एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, व्हॅनिला 1 छोटा चमचा, चिरलेलं डार्क चॉकलेट 120 ग्रॅम. बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ.

गूळ आणि काकवी या पाककृतीचा कणा आहेत. परदेशी पाककृतींत यांच्या जागी ब्राऊन शुगर असते, म्हणजे पांढऱ्या साखरेला मळीचा हात लावलेली साखर. ती मिळाली तर जरूर वापरा. पण ज्या जिल्ह्यात थंडीत गुऱ्हाळं पेटतात आणि मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, तिथं महागड्या पाकिटाची वाट का बघायची? काकवी म्हणजे मळी नव्हे. मळी साखर काढून घेतल्यावर उरते, तर काकवी हा अख्खा रसच आटवलेला असतो. म्हणून तिला मळीचा कडवटपणा नसतो, आणि मऊपणाचं काम ती चोख करते. काकवी नसेल तर तेवढाच मध चालतो. गूळ साधा, बोटानं चुरडणारा घ्या. चिक्कीचा गूळ घेऊ नका, त्याचा गुणच मुळी घट्ट होण्याचा.

सगळीच साखर काढून नुसता गूळ घालावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. माझा अनुभव असा, की नुसत्या गुळाची कुकी केकसारखी फुगीर होते आणि तिच्या कडा धरत नाहीत. थोडी पांढरी साखर ठेवाच.

बटर की तूप? आपल्याकडे नियमानं टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि पाणी जास्तीत जास्त 16 टक्के. म्हणजे 115 ग्रॅम बटरमधून साधारण सव्वा मोठा चमचा पाणी आपोआप पिठात येतं. तुपात ते नाही. तूपच वापरायचं असेल तर 95 ग्रॅम तूप आणि सव्वा मोठा चमचा दूध घ्या. घरचं लोणी वापरणाऱ्यांनी ते गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन चांगलं पिळून घ्यावं. लोण्यात किती पाणी राहिलंय याचा भरवसा नसतो, आणि ताकाचा वास कुकीत लगेच कळतो.

कॉर्नफ्लोअरनं मैद्यातला चिवटपणा कमी होतो. ते नसेल तर व्हॅनिला कस्टर्ड पावडर घ्या. तीही मुळात कॉर्नफ्लोअरच, फक्त रंग आणि सुवास घातलेली.

जास्तीचा बलक का, पूर्ण दुसरं अंडं का नाही? पांढऱ्या भागानं कुकी फुगते आणि सुकते. बलकात स्निग्धांश असतो, त्यानं ती मऊ आणि जरा दाट लागते. इकडं बिनअंड्याची मागणी भरपूर असते. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज मोठा, शिवाय वार-उपास पाळणारी घरं वेगळी. त्यांच्यासाठी अंड्याऐवजी 45 ग्रॅम घट्ट दही आणि 1 मोठा चमचा दूध घ्या. दही आंबट झालेलं नको.

कणकेच्या कुकीज करायच्या तर आधी निम्मा मैदा आणि निम्मी कणीक असं करून बघा. कणकेतला कोंडा पाणी ओढून घेतो, म्हणून दीड मोठा चमचा दूध वाढवा आणि पीठ रात्रभर मुरू द्या. ओट्सचंही तसंच. कोरडे ओट्स कुकीतलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत पीत राहतात.

बेदाण्याबद्दल मात्र नीट सांगते, कारण तासगावचा बेदाणा आपल्या घरात वर्षभर असतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि चॉकलेटऐवजी बेदाणे घातलेल्या कुकीज आमच्याकडं जास्त संपतात. पण सुकलेला बेदाणा पिठात तसाच टाकला तर तो कुकीतलं पाणी ओढून स्वतः फुगतो आणि भोवतालची कुकी कोरडी पडते. कुकी मोडून बघा, बेदाण्याच्या कडेनं भुसभुशीत कोरडं कडं दिसेल. म्हणून बेदाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, निथळा, पंचावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या आणि मगच घाला. भिजलेला बेदाणा कुकीकडून मागत नाही, उलट थोडा ओलावा तिला देतो.

पीठ भिजवणं आणि मुरवणं

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं स्वयंपाकघरात पस्तीस अंश सहज असतात, तेव्हा "बटर बाहेर काढून ठेवा" हा सल्ला उपयोगाचा नाही. अर्ध्या तासात त्याचं तेल होतं. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांत बोट दाबून बघा. खळगा पडला पाहिजे, पण बोट आरपार जाता कामा नये. आणि बोट तुपकट चमकत असेल तर उशीर झाला, परत पाच मिनिटं फ्रीजमध्ये.

बटर, गूळ, साखर आणि काकवी दोन-तीन मिनिटं फेटा. अंडं, बलक, व्हॅनिला घालून तेवढ्यापुरतं फेटा. मैदा, कॉर्नफ्लोअर, सोडा एकत्र दोनदा चाळून त्यात घाला आणि इथून पुढं बीटर बाजूला ठेवून उलथन्यानं हलक्या हातानं मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. पोळ्यांच्या कणकेची सवय असलेला हात इथं मळायला जातो, आणि मळलं की कुकी मऊ न होता वातड होते. शेवटी चॉकलेट किंवा बेदाणे.

हे पीठ हाताला चिकटेल इतकं सैल असतं. घाबरून मैदा वाढवू नका. झाकून फ्रीजमध्ये ठेवा, तासाभरात ते आपोआप घट्ट होतं. तास हा कमीत कमी वेळ झाला, मी रात्रीच भिजवून ठेवते. रात्रभरात मैद्याचा कण न् कण ओलावा पितो, त्यामुळे भट्टीत मोकळं पाणी पटकन उडून जात नाही. आणि गार गोळा ट्रेवर कमी पसरतो. पसरलेली पातळ कुकी वाळायला वेळ लागत नाही, जाड कुकी आत ओल धरून बसते. ठेवताना प्लास्टिक पिठाला चिकटवून लावा, नाहीतर वर सुकी साय धरते.

गोळे 35 ग्रॅमचे करा, साधारण मोठ्या लिंबाएवढे. मुलांच्या डब्यासाठी म्हणून सुपारीएवढे केले तर त्या कुरकुरीतच होणार, तिथं पुढची कोणतीही युक्ती चालत नाही. गोळा दाबून चपटा करू नका, उंचच राहू दे.

भट्टीतली शेवटची दोन मिनिटं

सगळ्या लेखातला हा भाग जपून वाचा.

घरचा ओटीजी दहा ते पंधरा मिनिटं 175 अंशांवर तापवून घ्या, खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू. ट्रे मधल्या खाचेत. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर एकदा घ्यावा. तो घेईपर्यंत दुसरा उपाय: पहिल्या खेपेला एकच कुकी भाजून बघा. एका कुकीवर चूक कळली तर बाकीच्या सतरा वाचतात. काळा ट्रे असेल तर तळ लवकर लागतो, त्याला पाच-दहा अंश कमी ठेवा. साध्या पांढऱ्या अॅल्युमिनियमच्या ट्रेवर बटर पेपर घालून सगळ्यात चांगलं भाजतं.

आता काचेतून बघत बसा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला गोळा खचायला लागतो. आठव्याला त्याची वरची बाजू सगळीकडं ओली चमकत असते. त्यानंतर ती चमक कडेकडून आत मावळत जाते, ओल्या सारवणाची जमीन कडेनं वाळत येते तशी. कड मंद पडते, मग तिला बेसन भाजताना पहिल्यांदा येतो तसा बदामी रंग धरतो. मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढी ओली चमक उरली असेल तेव्हा ट्रे बाहेर काढायचा. माझ्या ओटीजीत ही वेळ अकराव्या मिनिटाला येते, तुमच्याकडं दहा ते बारामध्ये कधीही येईल. उलथन्याचं टोक कडेखाली घालून बघितलं तर कड उचलते आणि मधला भाग खाली लोंबतो. अगदी कच्ची वाटते. तशीच काढा.

इथंच मन कचरतं. आपल्याला शंकरपाळी, करंजी, चकली "नीट तळली गेली" हे बघायची सवय. कच्चं राहिलं तर टिकणार नाही ही भीती पोटात असते, आणि "अजून दोनच मिनिटं" असं म्हणत आपण दार लावतो. त्या दोन मिनिटांत काय होतं ते मी एकदा वजनकाट्यावर पाहिलं. 35 ग्रॅमचा गोळा अकरा मिनिटांनी 32 ग्रॅम भरला. त्याच पिठाचा दुसरा चौदा मिनिटांनी 31 च्याही खाली गेला. एका ग्रॅमनं काय होतंय असं वाटेल, पण सगळ्या कुकीत जे चमचाभरही पाणी नसतं, त्यातलं ते एक ग्रॅम आहे. पहिली तिसऱ्या दिवशी मऊ होती. दुसरी त्याच डब्यात, तिच्याच शेजारी ठेवलेली, दुसऱ्या दिवशी सकाळीच कडक.

आणि ती कच्ची राहत नाही. ट्रे बाहेर आला तरी तापलेला असतो, कुकी त्याच्यावर आणखी पाच मिनिटं भाजतच असते. म्हणून बाहेर काढल्यावर पाच मिनिटं तिला हात लावू नका, मधला भाग तेवढ्यात बसतो. पाचच मिनिटं मात्र. पंधरा मिनिटं ट्रेवर राहिली तर तळ वाळतो.

ज्या जणी ओव्हनऐवजी कढईत मीठ तापवून भाजतात त्यांना तळ लागण्याचा धोका जास्त. उंच रिंग ठेवा, ताटली जाड घ्या, आच मंद ठेवा आणि वेळ घड्याळावर न सोडता ती चमक बघून ठरवा.

गार करणं: घाई नको, विसरणंही नको

पाच मिनिटांनी कुकीज जाळीवर घ्या. जाळी नसेल तर पुरणाची स्वच्छ चाळण पालथी घालून चालते. खालून वारा लागला पाहिजे, नाहीतर वाफ तळाशी साचते.

काही वर्षांपूर्वी गणपतीत ऑर्डर होती आणि घाईत मी कोमट कुकीज डब्यात भरल्या. रात्री झाकणाला आतून दव धरलं, ते वरच्या थरावर ठिबकलं आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या दोन कुकीजवर पांढरी बुरशी दिसली. सगळा डबा टाकावा लागला. तेव्हापासून मी कुकी गालाला लावून बघते. गालाला ऊब कळत असेल तर अजून थांबायचं. हाताला स्वयंपाकाची सवय असते, त्याला कोमटपणा कळत नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे दुपारी भाजून पंख्याखाली जाळीवर ठेवणं आणि संध्याकाळी मालिका संपल्यावर डब्यात भरणं. मार्चनंतरच्या सांगलीच्या कोरड्या हवेत दोन तासांत कडा वाळतात. पंखा बंद, अर्धा-पाऊण तास, आणि गार झाल्या की लगेच डब्यात.

डबा

आपले स्टीलचे डबे चिवड्याला ठीक, कुकीला सैल पडतात. बाजूला क्लिप असलेला किंवा झाकणाला रबराची रिंग असलेला डबा घ्या. खात्री करायची तर रिकामा डबा बंद करून बादलीतल्या पाण्यात दाबून धरा. बुडबुडे आले की तिथून हवा येते-जाते. स्टीलचाच डबा वापरायचा असेल तर तोंडावर प्लास्टिकची शीट ताणून मग झाकण दाबा, जुन्या बायका लाडवाच्या डब्याला करायच्या तसं.

डबा मोजकाच मोठा असू दे. अर्धा रिकामा डबा म्हणजे तेवढी कोरडी हवा आत. कुकीज कमी झाल्या की छोट्या डब्यात काढा. दोन थरांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र घालू नका, शाई आणि तूप यांची गाठ चांगली नाही.

डब्यात रात्रभरात एक चांगली गोष्ट होते. कुकीच्या मधली ओल कडेकडं सरकते आणि सकाळी कडाही मऊ झालेल्या असतात. पहिल्या दिवशी कड कुरकुरीत आणि मध्य मऊ, दुसऱ्या दिवशी सगळीच मऊ. ज्यांना कुरकुरीत कड आवडते त्यांनी पहिल्याच दिवशी खावी.

ओल नेहमी ओल्याकडून कोरड्याकडं जाते, आणि म्हणूनच कुकी आणि भडंग एका डब्यात कधीच ठेवू नये. फराळाचं ताट भरून शेजारी पाठवताना हे हमखास होतं: एकाच बंद डब्यात बाजूला भडंग, मध्ये चार कुकीज. सकाळपर्यंत भडंग सादळलेलं आणि कुकी कडक. शिवाय लसणाचा वास बटर पटकन घेतं. नानकटाई आणि मऊ कुकीसुद्धा वेगळ्या ठेवा.

हाच नियम आपल्या बाजूनं वापरला की ब्रेडची युक्ती होते. ताज्या साध्या ब्रेडची एक स्लाइस, तुकडे न करता, बटर पेपरवर ठेवून डब्यात वर ठेवायची. ब्रेड कुकीपेक्षा कितीतरी ओला असतो, म्हणून त्याची ओल कुकीकडं जाते. सकाळी स्लाइस टोस्टसारखी कडक झालेली असते. ती काढायची, लागली तर दुसरी ठेवायची. ब्रेड नसेल तर तेल-तूप न लावलेला फुलका, पूर्ण गार करून. किंवा सफरचंदाची फोड छोट्या वाटीत, पण तिचा वास लागतो आणि पाणी जास्त सुटतं, म्हणून चार-पाच तासच.

आणखी एक वस्तू आपल्या घरात असते, ती म्हणजे दिवाळीची कोरी पणती. तेल न लागलेली मातीची पणती पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, फडक्यानं वरचं पाणी नीट पुसा आणि बटर पेपरच्या तुकड्यावर डब्यात ठेवा. माती हळूहळू ओल सोडते, ब्रेडसारखी चुरा होत नाही आणि वासही नाही. दोन-तीन दिवसांनी परत भिजवायची. गूळ पावडरच्या डब्यात गाठी होऊन ती दगड झाली असेल तर तिथंही हीच पणती एक रात्र ठेवा.

ऋतू बघून हे करा. ब्रेड, फुलका, पणती हे सगळं नोव्हेंबर ते मे. जून-जुलैनंतर हवाच ओली असते, साताऱ्याकडं घाटमाथ्याला, महाबळेश्वर-पाचगणीला तर विचारूच नका. तेव्हा कुकी कडक होण्यापेक्षा लिबलिबीत होण्याचा आणि बुरशीचा त्रास जास्त. पावसाळ्यात डब्यात काही ओलं ठेवू नका, डबा वारंवार उघडू नका, आणि भाजताना ती नाण्याएवढी चमक जरा लहान, आठ आण्याएवढी होईपर्यंत थांबा.

बाहेर डब्यात या कुकीज चार-पाच दिवस चांगल्या राहतात. दही घातलेल्या तीनच दिवस धरा.

फ्रीजमध्ये ठेवू नका. गारव्यानं बटर घट्ट होतं, भाजलेल्या पिठातला स्टार्च फ्रीजच्या थंडीत लवकर ताठर होतो आणि सैल झाकणाच्या डब्यातली कुकी तिथं वाळतेही. साठवायच्याच असतील तर सरळ फ्रीझरमध्ये. त्यातही भाजलेल्या कुकीपेक्षा कच्चे गोळे ठेवणं मला जास्त पटतं. गोळे ताटलीत सुटे ठेवून दोन तास गोठवा, मग झिप पिशवीत भरून हवा काढा, वर तारीख लिहा. दोन महिने निर्धास्त. पाहुणे आले की गोठलेलाच गोळा 175 अंशांवर, नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त.

पुण्याला पाठवायच्या असतील तर

मुलं पुण्यात शिकायला, त्यामुळे हा प्रश्न निम्म्या घरांचा. दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, डबा गच्च भरा, उरलेल्या जागेत चुरगाळलेला बटर पेपर कोंबा. हलल्या की मोडतात, आणि मोडलेल्या बाजूनं वाळतात. उन्हाळ्यात चॉकलेटच्या पाठवू नका, बेदाण्याच्या पाठवा. रात्रीच्या गाडीनं दिल्या तर सकाळी पोचतात आणि ऊन लागत नाही. त्या दिवशी सकाळी भाजून, गार झाल्या की डब्यात ठेवून, संध्याकाळी गुंडाळून भरायच्या. आदल्या दिवशीच्या देऊ नयेत.

कडक झाल्याच तर

लगेच खायच्या असतील तर मायक्रोवेव्हमध्ये एक-दोन कुकीज ओलसर टिश्यूखाली आठ-दहा सेकंद. मऊ होतात, पण गार झाल्या की पहिल्यापेक्षा जास्त कडक होतात, म्हणून ताटलीत घेऊन बसल्यावरच गरम करा. मायक्रोवेव्ह नसेल तर ओटीजीत 150 अंशांवर तीन-चार मिनिटं.

संध्याकाळपर्यंत वेळ असेल तर ब्रेडची स्लाइस घालून डबा बंद करा आणि आठ-दहा तास उघडू नका. वाळून कडक झालेली कुकी यानं बऱ्यापैकी परत येते. जास्त भाजून कडक झालेली येत नाही. तळ बघा: गडद तपकिरी असेल तर ब्रेड वाया घालवू नका.

तिचा लाटण्यानं जाडसर चुरा करा आणि घट्ट चक्क्यात थोडी साखर घालून वाटीत एक थर चुऱ्याचा, एक चक्क्याचा असं लावा. वर हंगामातली द्राक्षं अर्धी चिरून. तासभर फ्रीजमध्ये ठेवली की चुरा चक्क्यातलं पाणी पिऊन मऊ होतो.